दूध वाचले, तेलाचे काय?



चीन, न्यूझीलंडसह १५ देशांच्या ‘आरसेप’ व्यापारी गटाच्या बोलण्यांतून भारत ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बाहेर पडला. न्यूझीलंडच्या स्वस्त दूध भुकटीची धास्ती टळली, हे बरेच झाले. पण गोडेतेलाचे काय? निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण आजही बाहेरून आणतो. एप्रिल २०२२ अखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात साडेतीन आठवडे रोखली, तेव्हा इथल्या बाजारातही धाकधूक झाली.

म्हणून पैठण, गंगापूरकडच्या सभासदांना आम्ही सांगतो : सुरू उसात उन्हाळी भुईमूग, पूर्वहंगामीत हरभरा घ्या. ऊस लहान आहे तोवर आंतरपीक निघते, बेवडही चांगला होतो. घरची शेंग असली की कुणी दार लावले तरी फोडणी अडत नाही!