वैनगंगेकाठचे वाचक आणि रानाची पुस्तके

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व सरहद्दीवर, जेथे वैनगंगेच्या पैलतीरी गडचिरोलीचा मुलूख सुरू होतो आणि ताडोब्याच्या रानातून आलेली अंधारी नदी धानाच्या बांध्यांना वळसे घालीत त्या मोठ्या पात्राकडे निघते, त्या पोंभुर्णा तालुक्यात निसर्गविषयक मराठी ग्रंथ कोण वाचतो आणि वाचून काय म्हणतो, हा प्रश्न मराठी समीक्षेने आजवर फारसा विचारलेला नाही. अशा ग्रंथांची परीक्षणे बहुधा पुण्यामुंबईस लिहिली जातात आणि त्यांत भाषेचे लालित्य, लेखकाची तरल संवेदना, अरण्याची गूढता यांचा यथोचित गौरव होतो. परंतु ज्याच्या शेताच्या धुऱ्यावर अस्वल येते, ज्याच्या बोडीत मरळ वाढते आणि ज्याच्या धानाचा पंचनामा रानडुकराच्या नावे होतो, त्या वाचकाचे मत कोणी दप्तरी दाखल करून ठेवीत नाही. ग्रंथातला प्राणी खरा की कल्पित, हे सांगण्याचा अधिकार ज्याला सर्वांआधी पोहोचतो, तो साक्षीदार आपण कधी पाचारणच केलेला नाही, ही माझ्या मते आपल्या निसर्गसाहित्याची मोठी उणीव आहे.

प्रस्तुत आढाव्यातील मते छापील अभिप्रायांतून घेतलेली नाहीत. तालुक्यातील वाचनालयांत, शाळांच्या ओसरीवर, वनरक्षकांच्या नाक्यांवर आणि धानाच्या जागलीवर जे वेळोवेळी कानी पडले, तेच येथे मांडले आहे. यांतले काही वाचक स्वतः वाचणारे आहेत, तर काहींना कोणी तरी वाचून दाखविलेले आहे. आणि ऐकून मत बनविणारा वाचक हा डोळ्यांनी वाचणाऱ्यापेक्षा कमी प्रतीचा, असे निदान पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत तरी म्हणता येत नाही.

मुलांपासून आरंभ करावा. किपलिंगच्या ‘जंगल बुक’चे पहिले पुस्तक 1894 साली प्रसिद्ध झाले. त्यातील मोगलीची वैनगंगा ती हीच, सिवनी जिल्ह्यात उगम पावून आपल्या गावावरून पुढे जाणारी, हे कळताच येथील मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पाहण्यासारखा असतो. त्या अरण्याचे वर्णन करताना किपलिंगला स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या सिवनीविषयक ग्रंथाचा मोठा आधार होता, ही गोष्ट मुलांच्या लेखी गौण आहे. आपली नदी जगाच्या पुस्तकात आहे, एवढे त्यांना पुरते.

प्रौढ वाचकांत मात्र मारुती चितमपल्ली यांच्याइतका मान दुसऱ्या कोणा निसर्गलेखकास नाही. सोलापुरात 1932 साली जन्मलेला, वनखात्याच्या चाकरीत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत आयुष्याचा उत्तम काळ घालविलेला, 2006 साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेला आणि 2025 साली, पद्मश्री स्वीकारल्यावर अवघ्या काही आठवड्यांनी, त्याच सोलापुरात देह ठेवलेला हा लेखक येथे आपल्याच मुलुखातला मानला जातो. वनरक्षक त्याची पुस्तके ज्या कारणासाठी वाचतात ते साहित्यिक नाही: बदलीचा हुकूम, मुक्कामाची कुटी, रात्रीची गस्त, रोजनिशी, वरिष्ठांस पाठविण्याचा अहवाल, हे सारे ज्याने भोगले आहे अशाचे हे लेखन आहे, ही खूण त्यांना पानोपानी पटते. गावातील वृद्धांची पसंती निराळ्या कारणाने आहे. ‘पक्षी जाय दिगंतरा’ असो वा ‘रानवाटा’, माहिती कोणाकडून मिळाली ते सांगण्यास हा लेखक संकोचत नाही. नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांचे ऋण त्याने इतक्या मोकळेपणाने मान्य केले आहे की, रानातल्या माणसाचे ज्ञान घेऊन त्याचे नाव गाळणाऱ्या अनेक विद्वानांपुढे तो धडा ठरावा.

आक्षेपही आहेत, आणि ते मुख्यत्वे विज्ञान शिकलेल्या तरुणांकडून येतात. ‘निळावंती’सारख्या पुस्तकात लोककथा कोठे संपते व निरीक्षण कोठे सुरू होते हे उमगत नाही, स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याने सांगितलेले यांना एकच दर्जा दिला जातो, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप मला रास्त वाटतो. रानातल्या माणसाची श्रद्धा नोंदविणे हे मोलाचे काम आहे. पण ती श्रद्धा आहे, हे वाचकास सांगणे हेही त्याच कामाचे अंग आहे. पुढील आवृत्त्या कोणा जाणकाराच्या टिपांसह निघाल्या, तर लेखकाची थोरवी यत्किंचितही उणावणार नाही आणि नव्या वाचकाचा संशय दूर होईल.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’विषयी, ज्यास 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, येथील मत विलक्षण एकमुखी आहे. माकडांच्या टोळ्यांतील वर्चस्वाचा झगडा, नव्या नराच्या आगमनानंतर पिलांवर ओढवणारा मृत्यू, माद्यांची धडपड, हे शहरी वाचकास मानवी राजकारणाचे रूपक वाटते. पोंभुर्ण्याच्या वाचकास त्यात रूपक दिसतच नाही. कौलांवरून उड्या मारणाऱ्या, तुरीच्या शेंगा ओरबाडणाऱ्या, हुप्प्याच्या दराऱ्यात वावरणाऱ्या वानरांची ती जशीच्या तशी कैफियत आहे, असे ते सांगतात. आणि रूपक न शोधता केलेले हे वाचन मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण माडगूळकरांनी वानरांकडे आधी वानर म्हणूनच पाहिले आहे.

परंतु वाचकाचे स्थान बदलताच ग्रंथाचा अर्थ किती बदलतो, याचा खरा प्रत्यय ‘पाडस’ने दिला. मार्जोरी रॉलिंग्ज यांची मूळ कादंबरी 1938 सालची, तिला पुढल्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि राम पटवर्धनांच्या अनुवादाने ती मराठी वाचकांच्या घरातली झाली. फ्लोरिडाच्या रानात राहणारा ज्योडी नावाचा मुलगा हरणाचे पोरके पाडस पाळतो, ते वाढता वाढता घरच्या पिकावर तुटून पडते, आणि अखेर त्याला मारण्याचा प्रसंग त्या मुलावरच येतो. हे पुस्तक वाचून डोळे न पाणावलेला शहरी वाचक मला भेटलेला नाही.

आश्विनाच्या अखेरीस, धान लोंबीवर आलेले असताना, एका जागलीवर या पुस्तकाचे वाचन चालले होते. चार बल्ल्यांवर उभारलेला माळा, खाली शेकोटी, बांधावर डुकरे हाकण्यासाठी टिनाचा डबा, आणि विजेरीच्या उजेडात महाविद्यालयात शिकणारा घरचा मुलगा वाचीत बसलेला. ऐकणाऱ्यांत त्याचे आजोबा होते, शेजारच्या बांधीचा मालक होता आणि गावाची ढोरे चारणारा गायकी होता. पाडसाने मक्याचे कोंब खाल्ल्याचा भाग आला तेव्हा आजोबांनी वाचन थांबवून पेरा किती होता, खाणारी तोंडे किती, दुबार पेरणीपुरते बियाणे घरात होते की नाही, असे प्रश्न विचारले. आणि बाप अंथरुणाला खिळलेला असताना पोराने एकट्याने कुंपण उंच केले, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. शेवट ऐकल्यावर शेजाऱ्याने आईची बाजू घेतली. गायक्याचे मत पडले की, आईलाही दोष नाही आणि पोरालाही नाही, पण रानातले लेकरू घरात आणले त्याच दिवशी हा शेवट ठरला होता. त्या चौघांनी त्या रात्री केलेली चर्चा मी वाचलेल्या ‘पाडस’च्या कोणत्याही परीक्षणापेक्षा ग्रंथाच्या गाभ्याजवळ गेलेली होती, कारण रॉलिंग्जबाईंनी त्या कुटुंबाच्या भुकेचा जो हिशेब पानोपानी मांडला आहे, तो त्यांनी एकही रकम न गाळता वाचला.

पाळीव जनावरांविषयीच्या पुस्तकांबद्दल येथे फारसे बोलले जात नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. पु. ल. देशपांडे यांचा ‘पाळीव प्राणी’ हा ‘हसवणूक’मधील लेख येथेही मोठ्या आवडीने वाचला जातो, मात्र त्यातले जनावर हे शहरातल्या घरात हौसेने आणलेले आहे. ज्या घरी पोळ्याच्या दिवशी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लागते, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात लेकरे लाकडी बैल फिरवितात, आणि जागलीवरचा कुत्रा बिबट्याने नेला तर घरात चूल मंद पेटते, तेथे जनावर हा घरातल्या कष्टांचा भागीदार असतो. त्याचे चरित्र मराठीत अद्याप पुरते लिहिले गेलेले नाही, अशी येथील शिक्षकांची तक्रार आहे आणि ती खरी आहे.

रानातले जनावर आणि घरातले जनावर या दोहोंच्या मधली वाट हेमलकशाने दाखविली. डॉ. प्रकाश आमटे यांच्या ‘रानमित्र’ला आणि विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ला गडचिरोली-चंद्रपुरात जे स्थान आहे ते केवळ जिल्ह्याभिमानाचे नाही. भामरागडच्या रानात, या हेमलकशाला, 1973 च्या डिसेंबरात लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकार करून परतणाऱ्या माडिया आदिवासींजवळ मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉक्टरांनी पाहिले, ते मागून घेतले, आणि तेथून अनाथ वन्यप्राण्यांचे गोकूळ उभे राहिले. या पुस्तकांतले बिबटे, अस्वले, साळिंदरे वाचून मुले हरखतात. मोठ्यांचे मत जपून दिलेले असते: शिकार ही ज्याची भूक आहे त्याला दोष न देता, त्याच्याशी तांदळाचा सौदा करून पिल्लू वाचविणारा माणूस त्यांना पटतो. तथापि एक सावधगिरीची सूचना एका वनरक्षकाने केली आणि ती मी अधोरेखित करतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये पिंजऱ्यातला पोपटसुद्धा गुन्हा ठरतो. अशा पुस्तकांच्या प्रेमात पडून कोणी पिल्लू उचलून घरी आणू नये, हे प्रत्येक आवृत्तीच्या पहिल्या पानावर ठळक छापले पाहिजे.

वाघाच्या पुस्तकांविषयी बोलताना मात्र येथील वाचकाचा स्वर बदलतो. ताडोब्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 1955 साली मिळाला, अंधारी अभयारण्य 1986 साली झाले, दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प 1995 साली. आणि तेव्हापासून गुळगुळीत कागदावरच्या, रुबाबदार छायाचित्रांच्या ग्रंथांना तोटा उरलेला नाही. त्या ग्रंथांत पाणवठ्यावरची वाघीण असते, तिचे बछडे असतात, पर्यटकांच्या गाड्या असतात. चैत्रात पहाटे मोहफुले वेचायला गेलेली आणि वैशाखात तेंदूपाने तोडायला गेलेली, परत न आलेली बाई त्यांत नसते. या जिल्ह्यात असे मृत्यू दरवर्षी होतात. तरीही वाघ नकोच, असे म्हणणारे वाचक मला थोडे भेटले; वाघाबद्दल लिहिणाऱ्याने आमच्याबद्दलही लिहावे, एवढीच बहुतेकांची मागणी आहे. जो ग्रंथ वाघाचे वैभव सांगतो आणि त्याच्या शेजाऱ्याचा जीव वगळतो, तो कितीही देखणा असला तरी अर्धाच ग्रंथ आहे.

सर्वांत मोठी रिकामी जागा माशांची. पक्ष्यांवर मराठीत विपुल लिहिले गेले, सापांवरही पुष्कळ झाले. गोड्या पाण्यातील मासा मात्र, ज्याच्यावर ढिवर, भोई, केवट अशा कितीतरी समाजांची पोटे पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून आहेत, तो सामान्य वाचकाच्या हाती पडेल अशा पुस्तकात क्वचितच आढळतो. हा प्रदेशच तलावांचा. गोंड राजांच्या अमदानीपासून येथे तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे दान मिळत असे. मालगुजारांच्या ताब्यातील तलाव 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले आणि आजही लोक त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणूनच ओळखतात. अशा एका तलावाच्या काठी उभ्या असलेल्या ढिवराने मला पाण्यावर तरंगणारा तांबूस, सळसळणारा पुंजका दाखविला. ती मरळीची नुकती जन्मलेली पिले होती. ती सारी मिळून श्वास घेण्यासाठी वर येत, क्षणभर पाणी उकळल्यासारखे दिसे आणि पुन्हा ती खाली जात. त्यांच्या खालोखाल काळसर मोठी आकृती फिरत होती, ती राखणीला असलेली मरळ. ही पिले असताना मोठी मरळ धरली तर झुंड इतर माशांच्या तोंडी जाते, म्हणून जाणता ढिवर त्या दिवसांत तिला हात लावीत नाही. शिंगीचा काटा कोणत्या बाजूने टाळावा, पहिल्या पावसात कोणता मासा प्रवाहाविरुद्ध चढून धानाच्या बांधीत शिरतो, बेशरम ही वनस्पती माजली की तलावातले कोणते मासे आधी नाहीसे होतात, हे सारे त्याला ठाऊक होते. त्याच्या घरातल्या मुलाने शाळेत वाचलेली माशांची माहिती मात्र हिवतापाच्या डासअळ्या खाणाऱ्या गप्पी माशापाशी संपलेली होती.

भंडारा-गोंदियाकडे ढिवरांच्या संस्थांनी जुन्या तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावून देशी मासे परत आणण्याचे काम केले आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने अभ्यासगटांतून आपल्या रानाची व पाण्याची स्वतः पाहणी केली, आणि मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकामुळे ती हकीगत महाराष्ट्रास कळली. त्या पुस्तकाची आमच्या वाचनालयातील प्रत बांधणी सुटेपर्यंत फिरली, कारण ती शेजारच्यांची गोष्ट होती आणि लिहिणाऱ्याने शेजारच्यांना विचारून लिहिली होती. मरळ, वाम, शिंगी, मागूर यांच्यावरील ग्रंथ याच रीतीने व्हावयास हवा: ढिवराचे ज्ञान, जीवशास्त्रज्ञाची तपासणी आणि मुखपृष्ठावर दोघांचीही नावे.

महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली केला आणि त्याच्या आधारे गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळते. परंतु ग्रंथखरेदीच्या याद्या जेथे ठरतात तेथे झाडीपट्टीतील वाचकाची शिफारस पोहोचत नाही. हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्या प्रकाशकांना व ग्रंथपालांना माझी विनंती आहे की, रानाविषयीच्या नव्या पुस्तकाची एक प्रत छपाईपूर्वी वैनगंगेकाठच्या एखाद्या वाचनालयात पाठवावी, तेथील शेतकरी, गायकी, ढिवर आणि वनरक्षक यांचे मत लेखी मागवावे, आणि ते प्रतिकूल असले तरी पुस्तकाच्या अखेरीस छापावे.