तीन दिवस, अठरा सेकंद

मटकीला मोड येताना कुणी पाहिलंय? आज पाहावं तर नुसता दाणा, उद्या पाहावं तर मोड. मधलं सगळं इतकं सावकाश घडतं, की डोळ्यांना दिसतच नाही. प्राथमिक शाळेत परिसर अभ्यास शिकवताना टॅब खरा कामाला येतो तो इथे.

काचेच्या ग्लासात आतून ओला टिपकागद लावायचा. काच आणि कागद यांच्यामध्ये मटकीचे चार दाणे ठेवायचे, एखादा मुद्दाम उलटा. समोर पुस्तकांच्या थप्पीला टॅब पक्का टेकवून चार्जर जोडायचा आणि कॅमेरा ‘टाइम-लॅप्स’वर टाकायचा. दर १० मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला १४४ फोटो. ३ दिवसांचे ४३२. सेकंदाला २४ या वेगाने ते दाखवले, की ३ दिवस १८ सेकंदांत उलगडतात. रात्री खोलीतला दिवा चालू हवा, नाहीतर निम्मे फोटो काळे. अधूनमधून कागदावर पाणीही शिंपडायचं.

साल फाटते, आधी मूळ बाहेर येतं आणि खाली वळतं. उलट्या दाण्याचंही मूळ खालीच कसं गेलं, हा प्रश्न मग सहज निघतो. उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोडही टॅबवर उघडता येतात. पण तिथे दिसतो तो दुसऱ्याने केलेला प्रयोग. शिवाय वास आणि स्पर्श पडद्यावर येत नाहीत. म्हणून चौघांत एक टॅब पुरे. मटकी मात्र प्रत्येकाच्या हातात हवी.