उधारीची वही आणि पायथन

आमच्या थोरल्या आपांची मुलगी बारावी कॉमर्स झाली आणि घरी बसली. कॉलेज तालुक्याला, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. त्यातच दुल्हेभाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, म्हणून किराणा दुकानाच्या गल्ल्यावर तीच बसू लागली. ईदला आम्ही भेटायला गेलो तेव्हा शीरखुर्म्याची वाटी हातात देता देता ती म्हणाली, "मामू, मला प्रोग्रॅमिंग शिकायचंय. घरी बसून शिकता येईल का? कुठून शिकू?"

उत्तर आम्हाला येत नव्हते. आमचा जन्म कारकुनीत गेला, संगणकावर पत्रे टाइप करण्यापलीकडे मजल नाही. पण पोरीने विचारले ते अशा नजरेने की "बघू नंतर" म्हणणे जमेना. मग आम्हीही तिच्याबरोबर शोधाशोध सुरू केली. ती शिकत गेली आणि आम्ही काय चांगले, काय वाईट याची टिपणे काढत गेलो. अनेक घरांत हाच प्रश्न असणार, म्हणून ती टिपणे वाचकांपुढे ठेवत आहोत.

तिला त्याआधीच एक ठेच लागली होती. तालुक्यातल्या एका क्लासला तीन महिने घातले होते, अठरा हजार रुपये भरून. हाती आले एक लॅमिनेट केलेले सर्टिफिकेट आणि झेरॉक्स नोट्सचा गठ्ठा. त्या नोट्समधला पहिलाच धडा घरी करून पाहिला की चूक दाखवायचा. प्रिंट हा शब्द आणि पुढे अवतरणात नाव, एवढाच तो धडा. दहादा केला, दहादा चूक. शेवटी ती आपांना म्हणाली, "अम्मी, माझं डोकंच चालत नाही यात."

डोके चालत होते, नोट्स जुन्या होत्या. पायथन या भाषेची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून अधिकृतपणे बंद झाली. त्या आवृत्तीत प्रिंटपुढे कंस नसला तरी चालायचे, तिसऱ्या आवृत्तीत कंस लागतोच. एवढ्याशा कंसापायी एक मुलगी स्वतःला मठ्ठ समजून बसली होती. वाईट साधनाचे खरे नुकसान हेच आहे. अठरा हजार आज ना उद्या भरून निघतील, पण शिकणारा दोष साधनाला देत नाही, स्वतःला देतो आणि मुकाट्याने उठून जातो. म्हणून पहिली गोष्ट ही पाहावी की पुस्तक किंवा व्हिडिओ कोणत्या सालचा आहे आणि भाषेच्या कोणत्या आवृत्तीचा आहे. पायथन शिकायचे तर तिसरी आवृत्तीच.

आपांचा एक वेगळाच मुद्दा होता. "तिचं एमएससीआयटी झालंय की, मग आणखी काय शिकायचं?" हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे. एमएससीआयटी संगणक वापरायला शिकवते, तेही गरजेचेच. पण मोटार चालवता येणे वेगळे आणि इंजिन जोडता येणे वेगळे.

आता साधने. ती कमी नाहीत, फार आहेत, आणि अडचण तिथेच आहे. मोबाईलवर "प्रोग्रॅमिंग शिका" असे शोधले की हिंदी-उर्दूत बोलणाऱ्यांचे शेकडो व्हिडिओ पुढे येतात. आमच्या भाचीने पहिल्या महिन्यात निदान चाळीस पाहिले. ऐकताना सगळे समजायचे. एक दिवस आम्ही म्हटले, "बेटा, आता व्हिडिओ बंद करून दोन आकड्यांची बेरीज करून दाखव." कोरी स्क्रीन आणि ती, दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बिर्याणी करताना पाहून बिर्याणी येत नाही, हे आपांनी न विचारता सांगितले.

तेव्हापासून आमची कसोटी एकच: हे साधन आपल्याकडून काही करून घेते का? आणि केलेले बरोबर की चूक हे सांगते का? या कसोटीला उतरलेले पहिले म्हणजे फ्रीकोडकॅम्प. २०१४ पासून चालू असलेली, पूर्णपणे मोफत संस्था. दोन ओळी वाचायच्या, तिथेच कोड लिहायचा, तो तिथेच तपासला जातो, बरोबर आल्यावर पुढची पायरी. वेबसाईट बनवायला शिकायची तर इथूनच सुरुवात करावी असे आमचे मत आहे. अडचण इंग्रजीची. तिने त्यासाठी एक शंभर पानी वही केली आणि चुकांचे जे इंग्रजी संदेश येतात ते उतरवून पुढे अर्थ लिहिला. तेच तेच पंधरा-वीस शब्द फिरून फिरून येतात. वही निम्मी भरायच्या आत भीती गेली.

मराठीतून हवे असेल त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, स्क्रीन इंग्रजीत पण आवाज मराठीत. पद्धतही चांगली: अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपले काम, थोडे पाहायचे, थांबवायचे, तसेच करायचे. काही धडे जुने आहेत, तेव्हा वर सांगितलेली आवृत्तीची गोष्ट इथेही विसरू नये.

हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा डेव्हिड मॅलन यांचा अभ्यासक्रम सगळे सुचवतात. तोही घरबसल्या मोफत करता येतो. व्याख्याने पाहण्यासारखीच आहेत, आम्हीही पहिले पूर्ण पाहिले. पहिल्या आठवड्यात स्क्रॅच नावाच्या चित्रांच्या ठोकळ्यांनी खेळवतात आणि लगेच पुढच्या आठवड्यात सी भाषेत उतरवतात. तिथे आमची भाची अडकली. रात्री एक वाजेपर्यंत बसायची. आम्ही तो तूर्त बाजूला ठेवायला लावला. नावाजलेले असले म्हणून आज आपल्याला झेपेलच असे नाही. पायथनचे अधिकृत ट्युटोरियलही तसेच, ते मुळात दुसरी एखादी भाषा येणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. नवख्याने तिथून सुरुवात केली तर तिसऱ्या पानावर दमतो.

शेवटी जे जमले ते एक पुस्तक, अल स्वायगार्ट यांचे 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन'. लेखकाने स्वतःच ते इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहे. शून्यापासून सुरू होते आणि पुढे एक्सेलच्या फाइली, पीडीएफ असली रोजची कटकटीची कामे संगणकाकडून करून घ्यायला शिकवते. दुकानदाराच्या मुलीला आणखी काय हवे?

लॅपटॉपचे रामायण मात्र वेगळे. दुल्हेभाईंनी कुठूनसा जुना मिळवला, त्यावर विंडोज ७. नवा पायथन त्यावर बसेना. चौकशी केल्यावर कळले की ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. ती घातली आणि काम भागले. नवशिक्याला त्यात काही कमी पडत नाही. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड मोबाईलवर पायड्रॉइड ३ नावाचे अॅप आहे, ते इंटरनेटशिवायही चालते. मोबाईलवर कंस आणि अवतरणे टाइप करताना बोटे वैतागतात, पण अजिबात नसण्यापेक्षा बरे.

जाता जाता एक. अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकात बगदादेत काम केलेल्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. आमच्या एका मित्राने हे भाचीला मोठ्या अभिमानाने सांगितले. ती म्हणाली, "चाचा, पण माझी बेरीज चुकतेय, ती बघा ना."

ती बेरीज म्हणजे दुकानाची उधारी. तिने ठरवले की पुस्तकातली उदाहरणे सोडून अब्बांच्या वहीचा प्रोग्रॅम करायचा. गिऱ्हाईकाचे नाव टाकायचे, जुनी बाकी टाकायची, आजची उधारी टाकायची, एकूण यायला हवे. पहिल्या गिऱ्हाईकाची जुनी बाकी २५०, आजची १००. संगणकाने एकूण दाखवले २५०१००. दुल्हेभाई पलंगावरून ओरडले, "या अल्लाह! अडीच लाखांची उधारी! मग गुडघा दोन्हीकडचा करून घेतो!"

झाले असे की पायथनमध्ये आपण टाइप केलेले संगणक आधी अक्षरे म्हणून घेतो, आकडा म्हणून नाही. अक्षरांची 'बेरीज' म्हणजे एकाला एक चिकटवणे. आधी 'हा आकडा समज' असे सांगावे लागते. तिने हे स्वतः शोधून काढायला दोन दिवस घेतले. आम्हाला विचाराल तर चाळीस व्हिडिओंपेक्षा ते दोन दिवस जास्त कामाचे ठरले.

हल्ली एआयला विचारले की तयार कोड मिळतो, मग दोन दिवस कशाला घालवायचे, असे तिच्या भावाचे म्हणणे. आम्ही दोघांत तोड काढली: आधी अर्धा तास स्वतः झगडायचे, मग एआयला "कोड दे" असे नाही तर "माझी चूक कुठे आणि का" असे विचारायचे. आणि ते जे सांगेल ते चालवून पाहायचे, कारण तेही ठामपणे चुकीचे सांगते.

नोकरीचे काय, हा प्रश्न आपा दर फोनवर विचारतात. स्थळेही येऊ लागली आहेत, त्यामुळे प्रश्नाला धार आहे. सहा महिन्यांत लाखाची नोकरी अशा जाहिराती करणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही, आणि तसे वचन आम्ही आपांना दिलेले नाही. एवढेच सांगितले की पैसे भरून सर्टिफिकेट घेण्याआधी तिला दाखवण्याजोगी तीन-चार कामे करू द्या. परीक्षा द्यायचीच असेल तर एनपीटीईएलवर शिकणे मोफत आहे, फी फक्त परीक्षेची. आपांनी वर्षभराची मुदत दिली आहे. दुपारी दुकान बंद असते ते दोन तास तिचे, त्या वेळात घरातले कोणी तिला हाक मारायची नाही. हे मात्र आम्ही दुल्हेभाईंकडून कबूल करून घेतले.

उधारीचा प्रोग्रॅम आता चालतो. लाल वहीही चालूच आहे. रात्री दुल्हेभाई दोन्हींची बेरीज ताडून पाहतात. गेल्या आठवड्यात चाळीस रुपयांचा फरक आला. चूक वहीत होती.