अहवाल निर्दोष, तरी पोट दुखतेच

सोनोग्राफी झाली, रक्त तपासले, दुर्बिणीतूनही पाहिले. सारे अहवाल निर्दोष. घरातली माणसे म्हणू लागतात, "मनाचे खेळ आहेत." आपण मात्र पोट धरून बसलेले असता. ही वेदना खरी असते. आतड्याची रचना ठीक असते. बिघाड त्याच्या हालचालीत आणि संवेदनेत असतो, आणि तो छायाचित्रात उमटत नाही.

'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम'चे निदान म्हणूनच मुख्यतः आपल्या सांगण्यावरून होते. २०१६ च्या 'रोम-४' निकषांनुसार गेले ३ महिने आठवड्यातून सरासरी किमान १ दिवस पोट दुखायला हवे. शौचास जाणे, त्याच्या वेळा आणि मलाचे स्वरूप यांपैकी किमान दोहोंशी त्या दुखण्याचा संबंध हवा. त्रासाची सुरुवातही किमान ६ महिन्यांपूर्वीची हवी. तेव्हा संकोच सोडून हे सारे वहीत टिपून न्यावे.

मग तपासण्या कशाला? दुसरे आजार वगळायला. हिमोग्लोबिन, आतड्याची सूज ओळखणारे मलातील कॅलप्रोटेक्टिन, सीलिॲकसाठी रक्तातील टीटीजी प्रतिपिंडे. येथे एक चूक घडते: कुणाच्या तरी सल्ल्याने आधीच पोळी सोडली जाते. गहू बंद असताना ही शेवटची चाचणी खोटा दिलासा देऊ शकते.

मलावाटे रक्त, अकारण घटणारे वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास किंवा कुटुंबात आतड्याचा कर्करोग असेल, तर मात्र दुर्बीण तपासणी लांबवू नये. यांपैकी काहीच नसेल, तर केवळ डॉक्टर बदलले म्हणून ती पुन्हा करण्याचे सहसा प्रयोजन नसते.