मधली भिंत पाडण्यापूर्वी

दोन खोल्यांची एक करण्यासाठी जुन्या घरातील मधली भिंत घरच्याघरी पाडण्याचा बेत पुष्कळदा आखला जातो. पहार हाती घेण्यापूर्वी त्या भिंतीच्या माथ्यावर काय टेकले आहे, हे पाहणे अगत्याचे असते. तुळईचे टोक, वरच्या मजल्याची भिंत अथवा स्लॅब तिच्यावर टेकला असेल, तर ती भारवाहक होय. साडेचार इंची विटांची भिंत बहुधा केवळ आडोशाची असते. तथापि निव्वळ जाडीवर विसंबणे घातक ठरते.

मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत मातीचे जड छत लाकडी खांब-तुळयांवर पेललेले असते. खांबाचे बूड वाळवीने पोखरले असल्यास मात्र तो भार नकळत भिंतीवर आलेला असतो. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्यावर काय होते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दिसले. म्हणून शंका असेल तेथे अभियंत्याने पाहणी केल्याखेरीज एकही वीट हलवू नये.

भिंत आडोशाचीच असल्याची खात्री पटल्यावर विजेचा मुख्य खटका व नळाचे पाणी बंद करावे. पाडकाम वरून खाली, थराथराने करावे. बुडाशी खणून भिंत लोटण्याची घाई जिवावर बेतते. राडारोडा वरच्या मजल्यावर साचू देऊ नये. घनमीटरभर ढिगाचे वजन टनाहून अधिक भरते.