सातपुड्याच्या पायथ्याशी एम.एस्सी. फिजिक्स

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीजवळचं बाजाराचं गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरचं. पश्चिमेला निघालं की सागबारा, देडियापाडा. पूर्वेला अक्कलकुवा, तळोदा आणि तापी ओलांडली की नंदुरबार. या पट्ट्यात घरात भिली बोली, बाजारात गुजराती-मराठी आणि शाळेत प्रमाण मराठी असे तीन थर मुलं लहानपणापासून सांभाळतात. बारावी सायन्सनंतर इंग्रजीचा चौथा थर येतो. त्यातून वाट काढत कुणी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्सपर्यंत पोचलं, की घरात विषय निघतो: बी.एड. करायचं, भरतीच्या तयारीला लागायचं, की एम.एस्सी.? पहिल्या दोन वाटा घरच्यांना ठाऊक असतात. तिसरीचं फक्त नाव ऐकलेलं असतं. त्या दोन वर्षांत नेमकं काय शिकवतात आणि त्याचं पुढे काय होतं, हे सांगणारं माणूस गावात सहसा मिळत नाही.

सुरुवात अभ्यासापासूनच करू. दोरीला टांगलेला गोळा, म्हणजे साधा लंबक, दहावीतही असतो आणि बी.एस्सी.तही. तिथे गोळ्यावरची बलं मांडतात: खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण, दोरीतला ताण, मग त्यांचे घटक. एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला तोच लंबक पुन्हा येतो, पण दोरीतला ताण गणितात कुठेच दिसत नाही. गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करायची, त्या राशीला लाग्रांजियन म्हणायचं, एक ठरलेलं समीकरण लावायचं, उत्तर पूर्वीचंच. मग एवढा खटाटोप कशासाठी, असं मुलं विचारतात आणि ते रास्त आहे. पहिल्या गोळ्याखाली दुसरा गोळा टांगला की त्याचं उत्तर मिळतं. आता बलं मांडत बसलं तर पानं भरतात आणि चुका होतात. ऊर्जेची रीत मात्र तशीच्या तशी चालते. पुढे हीच रीत विद्युतचुंबकीय क्षेत्रालाही लागू पडते, मूलकणांनाही. जोसेफ-लुई लाग्रांजनं १७८८ साली यामिकीवरचा ग्रंथ छापला, तेव्हा या पुस्तकात एकही आकृती नाही असं प्रस्तावनेत अभिमानानं लिहिलं होतं. आकृतीवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला हा बदल पचायला वेळ लागतो.

पहिल्या वर्षाचा गाभा सगळीकडे साधारण सारखाच: अभिजात यामिकी, गणितीय भौतिकी, क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स. दुसऱ्या वर्षी घन पदार्थ, अणुकेंद्र, रेणू आणि आवडीची एक विशेष शाखा. विद्यार्थी विषयांची नावं क्वचितच घेतात. त्यांच्या तोंडी पाठ्यपुस्तकांचे लेखक असतात. ‘गोल्डस्टीन झालं का?’, ‘ग्रिफिथ्समधली गणितं सोडव’, ‘किटेल आण’. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यात संशोधनपद्धती, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि प्रकल्प यांची भर पडली आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना एम.एस्सी. एका वर्षात करण्याची सोयही आहे. खापरच्या मुलाला हे सगळं दूर परदेशात नव्हे, तर जळगावला गिरणेकाठी मिळतं. १९९० साली स्थापन झालेल्या आणि आता बहिणाबाई चौधरींचं नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीनही जिल्हे येतात.

पण एम.एस्सी.ची खरी ओळख होते ती प्रॅक्टिकलला.

‘फोर प्रोब’ नावाचा प्रयोग बहुतेक सगळ्या विभागांत असतो. जर्मेनियमची नखाएवढी चकती, तिच्यावर एका रांगेत टेकलेल्या चार बारीक सुया, खाली छोटी भट्टी. बाहेरच्या दोन सुयांतून ठरावीक विद्युतप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सुयांमधलं व्होल्टेज मोजायचं. भट्टी तापवत न्यायची आणि दर काही अंशांनी रीडिंग घ्यायचं. तांब्याची तार तापवली तर तिचा रोध वाढतो. इथे उलट घडतं: चकती जसजशी तापते तसतसं व्होल्टेज घसरतं, कारण उष्णतेनं सुटे होणारे इलेक्ट्रॉन वाढत जातात. मग आलेखाच्या कागदावर रोधकतेचा लॉगरिदम एका अक्षावर आणि तापमानाचा व्यस्तांक दुसऱ्यावर. ठिपके सरळ रेषेत बसले की तिच्या उतारावरून जर्मेनियमची ऊर्जाफट निघते, सुमारे ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. पुस्तकात छापलेला आकडा आपल्या हातानं घेतलेल्या रीडिंगमधून बाहेर पडतो, हा अनुभव वर्गात बसून येत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक यावर हमखास विचारतात, ‘सुया चार का? दोननं भागलं नसतं का?’ सुई जिथे चकतीला टेकते तिथे तिचा स्वतःचा रोध असतो. दोनच सुयांनी प्रवाहही सोडला आणि व्होल्टेजही मोजलं, तर तो नको असलेला रोध उत्तरात मिसळतो. आतल्या सुयांमधून जवळजवळ प्रवाहच जात नाही, म्हणून त्यांच्या टोकांच्या रोधानं उत्तर बिघडत नाही. ज्याला हे उमगलं त्याला मोजमाप म्हणजे काय ते उमगलं. ज्यानं फक्त जर्नल उतरवून काढलं, तो इथेच अडखळतो.

जर्मेनियमसारख्या अर्धवाहकांच्या अभ्यासातून खानदेशात संशोधनाची एक धारा उभी राहिली आहे आणि तिची माहिती खानदेशातच फार कमी लोकांना आहे. अमळनेरचं प्रताप कॉलेज आणि पारोळ्याचं राणी लक्ष्मीबाई महाविद्यालय इथल्या भौतिकशास्त्र विभागांतून वायू ओळखणाऱ्या संवेदकांवर, म्हणजे गॅस सेन्सरवर, अनेक शोधनिबंध निघाले. टिन ऑक्साइडसारख्या धातूच्या ऑक्साइडची पूड चिकट द्रवात कालवायची, जाळीतून काचेच्या पट्टीवर तिचा थर छापायचा आणि भट्टीत भाजायचा. असा थर हवेत तापवला की हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांना चिकटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, रोध वाढतो. तिथे एलपीजीसारखा वायू आला की तो ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध झपकन उतरतो. तो फरक वीजमंडलानं टिपला की घंटा वाजवता येते. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये टिन ऑक्साइडच्या अशा संवेदकाचं पेटंट मागितलं, त्यामागे घरगुती गॅसच्या गळतीतून होणारे स्फोट हेच कारण होतं.

या खानदेशी कामातला एक निबंध २००६ साली ‘सेन्सर्स अँड ॲक्च्युएटर्स बी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. टिन ऑक्साइडच्या थरावर तांब्याच्या ऑक्साइडचा संस्कार केला, तर दहा लाखांत काही भाग इतका अल्प हायड्रोजन सल्फाइड नेहमीच्या तापमानालाच ओळखता येतो, असं त्यात दाखवलं होतं. हा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू गटारात आणि मैल्याच्या टाक्यांत साचतो आणि तिथे उतरलेल्या कामगारांचे जीव घेतो. त्याच्यामुळे तांब्याच्या ऑक्साइडचं सल्फाइड बनतं, दोन पदार्थांच्या सीमेवर इलेक्ट्रॉनांना असलेला अडसर कोसळतो आणि प्रवाह वाहू लागतो. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात हे काम झालं. मोठं संशोधन फक्त पुण्या-मुंबईच्या संस्थांतच होतं, हा समज एवढ्यावरून तरी सोडायला हवा.

खानदेशाचं नातं भौतिकशास्त्राच्या अगदी दुसऱ्या टोकाशीही आहे. अभय अष्टेकर यांचा जन्म १९४९ सालचा, शिरपूरचा. त्या काळी शिरपूर आणि आजचा नंदुरबारचा मुलूख एकाच पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. पदवीचं शिक्षण मुंबईत झाल्यावर ते अमेरिकेत गेले आणि शिकागो विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली. आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण आणि अणूंच्या जगाचं क्वांटम मेकॅनिक्स या दोन सिद्धांतांचा मेळ बसत नाही, हे आधुनिक भौतिकीचं मोठं कोडं आहे. अष्टेकरांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांमध्ये मांडली. आज ती ‘अष्टेकर चलं’ म्हणूनच ओळखली जातात आणि अवकाश स्वतःच अतिसूक्ष्म तुकड्यांचं बनलेलं असावं असं मानणारा ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ हा सिद्धांत त्यांच्यावर उभा आहे. अमेरिकन फिजिकल सोसायटीनं २०१८ मध्ये त्यांना आइन्स्टाइन पारितोषिक दिलं. एम.एस्सी.त शिकलेली लाग्रांजियनची रीत या कामाच्या पायाशी आहे.

आता अडचणींकडे. या भागातली मुलं एम.एस्सी.त मागे पडतात ती बुद्धीमुळे नव्हे. त्यांचं गणित कच्चं राहिलेलं असतं. बी.एस्सी.त गणिताचा हात लवकर सोडलेला विद्यार्थी पहिल्या महिन्यातच धापा टाकतो: मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू, डिफरन्शियल इक्वेशन, फूरिए सिरीज, कॉम्प्लेक्स संख्या यांवाचून क्वांटम मेकॅनिक्सचं एक पान पुढे सरकत नाही. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर एम.एस्सी.चे वर्ग सुरू होईपर्यंतचा उन्हाळा यासाठीच वापरायला हवा. दुसरी अडचण भाषेची. ती खरी आहे, पण समजली जाते तेवढी मोठी नाही. भौतिकशास्त्राच्या इंग्रजीत शब्द मोजके असतात आणि तेच ते पुन्हा येतात. भाषेपेक्षा जास्त नुकसान होतं ते तयार नोट्स पाठ करण्याच्या सवयीनं. विद्यापीठाची परीक्षा तशी निघून जाते; प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट-सेट परीक्षांपुढे ती सवय काहीच कामाची नसते. आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांची एनपीटेल या ऑनलाइन मंचावरची व्याख्यानं फुकट आहेत. मोबाइलला रेंज असेल तिथे जगातला एक उत्तम शिक्षक हजर आहे.

प्रवेशाच्या वाटा दोन-तीन आहेत. विद्यापीठातला किंवा संलग्न कॉलेजातला प्रवेश ही नेहमीची वाट. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा. आयआयटींमध्ये एम.एस्सी. करायची तर ‘जॅम’. ही परीक्षा तीन तासांची, साठ प्रश्नांची, शंभर गुणांची. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना तिचं शुल्क कमी असतं; अनुसूचित जाती-जमातींसाठी जागाही राखीव असतात. या भागातून जॅमचा अर्ज फारसा कुणी भरत नाही, कारण तो भरता येतो हेच वेळेवर कळत नाही. ही उणीव शिक्षकांनी ठरवलं तर एका तासात भरून निघेल.

पैशाचा प्रश्नही टाळून चालणार नाही. खापरचा मुलगा जळगावला राहिला की खोली आणि जेवण हा फीपेक्षा मोठा खर्च होतो. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात जमा होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत देशातल्या तीन विज्ञान अकादमींची फेलोशिप मिळवून मोठ्या प्रयोगशाळेत काम करता येतं. खगोलाची ओढ असणाऱ्यांसाठी पुण्याची आयुका सुट्टीत वर्ग घेते.

पुढे काय, या प्रश्नाला गावात ‘प्राध्यापक’ हे एकच उत्तर माहीत असतं. त्यासाठी एम.एस्सी.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० टक्के गुण आणि नेट किंवा सेट लागते. जागा थोड्या निघतात, हेही मुलांना स्पष्ट सांगायला हवं. नेटमध्ये वरचा क्रमांक आला तर पीएच.डी.साठी जेआरएफ ही फेलोशिप मिळते. जानेवारी २०२३ पासून ती महिन्याला ३७,००० रुपये आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेतही एम.एस्सी. फिजिक्सवाल्यांना घेतात.

सर्वांत दुर्लक्षित वाट रुग्णालयाची आहे. कर्करोगावर किरणोपचार देणाऱ्या यंत्रातून रुग्णाला नेमका किती डोस, कोणत्या कोनातून आणि किती जागेवर पडावा, हे डॉक्टरांच्या बरोबरीनं वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ ठरवतो. गाठीवर मारा व्हावा आणि शेजारचा मणका वाचावा, हा हिशेब त्याचा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार असा तज्ज्ञ असल्याशिवाय किरणोपचार विभाग चालवता येत नाही. एम.एस्सी. फिजिक्सनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची एक वर्षाची पदविका केली की हे दार उघडतं.

म्हणून अक्कलकुवा, तळोदा, नंदुरबारच्या कॉलेजांतल्या फिजिक्सच्या शिक्षकांना एक विनंती. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. गणपती उठायच्या आत तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक तास या विषयासाठी ठेवा, अर्ज तिथेच भरून घ्या, आणि ज्यांचं गणित कच्चं आहे त्यांना त्याच दिवशी तसं सांगा.