मर्यादित वीजजोडणीवर अनेक वातानुकूलन यंत्रे : रामदासपेठेतील सदनिकांच्या संदर्भात

प्रस्तावना :
नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा शहरात पूर्वी वाळ्याचा कूलर हाच घराचा आधार होता. रामदासपेठेत जुन्या बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या आणि कूलरच्या काळात वायरिंग झालेल्या सदनिकांतही खोलीगणिक वातानुकूलन यंत्र बसू लागले. वीजजोडणी मात्र अनेकदा पूर्वीचीच राहिली. प्रस्तुत लेखात या विसंगतीमागील विद्युतशास्त्रीय कारणे व त्यावरील सुरक्षित उपाय यांचे विवेचन केले आहे.

विद्युतभाराचे गणित :
समजा, एका सदनिकेचा मंजूर भार सिंगल फेज ५ किलोवॉट आहे. २३० व्होल्ट दाबास तो सुमारे २२ अँपिअर होतो. दीड टनाचे यंत्र खोलीतील सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता बाहेर टाकते व त्यासाठी साधारणतः दीड ते पावणेदोन किलोवॉट वीज घेते. म्हणजेच एका यंत्रास ७ ते ८ अँपिअर आणि तीन यंत्रांस २१ ते २४ अँपिअर लागतात. फ्रीज, पंखे व दिवे वेगळेच. शिवाय यंत्राची क्षमता बाहेरील तापमान ३५ अंश असताना मोजलेली असते. पारा ४५ अंशांवर गेला की कंप्रेसरवरील दाब वाढतो, यंत्र अधिक वीज घेते आणि थंडावा मात्र कमी देते.

सुरू होण्याचा क्षण :
जुन्या पद्धतीचा कंप्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेतो. खंडित वीज परत येताच तिन्ही यंत्रे एकदम सुरू झाली, तर विद्युतदाब खाली येतो. मोटरचे घूर्णनबल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब ८० टक्के झाला, तर बल ६४ टक्केच उरते. मग कंप्रेसर फिरत नाही, पण मोठा प्रवाह घेतच राहतो आणि तापतो.

खरा धोका :
वारंवार एमसीबी पडू लागला की अधिक अँपिअरचा एमसीबी बसविण्याचा मोह होतो. एमसीबी हा तारेचा रक्षक आहे. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. तार तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर एमसीबी पडत नाही, तारेचे आवरण वितळते. रात्री घर झोपेत असताना लागणाऱ्या आगीचे बीज अशा ‘दुरुस्ती’त असते.

उपाययोजना :
(१) वितरण कंपनीकडे अर्ज करून मंजूर भार वाढवावा, आवश्यक तेथे थ्री फेज जोडणी घ्यावी व परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग तपासून यंत्रे तिन्ही फेजवर विभागावीत.
(२) यंत्रे क्रमाने, काही मिनिटांच्या अंतराने सुरू करावीत. बंद झालेला कंप्रेसर किमान तीन मिनिटे सुरू करू नये.
(३) नवे यंत्र घेताना इन्व्हर्टर प्रकार निवडावा. त्याचा कंप्रेसर हळूहळू गती घेतो.
(४) मे महिन्यातील कोरड्या हवेत दिवाणखान्यात कूलर वापरावा. तो दोन-तीनशे वॉटमध्ये भागतो. एसीच्या खोलीत मात्र त्याचा दमटपणा शिरू देऊ नये.
(५) तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवून पंखा लावावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते एक अंश वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.

अमेरिकेतील मोटारघरांपुढेही हाच प्रश्न असतो. तेथील तळावर अनेकदा १२० व्होल्टची ३० अँपिअर जोडणी, म्हणजे ३,६०० वॉटच मिळतात. त्यामुळे काही मोटारघरांत छतावरील दोन यंत्रांना आळीपाळीने वीज देणारी नियंत्रक यंत्रणा बसविलेली असते.

समारोप :
यंत्रे किती आहेत यापेक्षा ती एकाच वेळी किती चालतात, हा कळीचा मुद्दा आहे. हीच बाब इमारतीच्या सामायिक रोहित्रासही लागू पडते. सर्व घरे एकाच वेळी भार घेणार नाहीत, या गृहीतकावर त्याची क्षमता ठरते आणि मे महिन्याच्या रात्री नेमके तेच गृहीतक कोसळते. म्हणून भारवाढीचा अर्ज उन्हाळ्यापूर्वी, शक्यतो इमारतीतील सर्वांनी मिळून करणे हितावह ठरते.